हंगामापूर्वीचे सहा आठवडे
डहाणू-तलासरीतील व्हॉलीबॉलपटूंची शारीरिक क्षमता आणि सरावाचा भार

ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर हा राज्याचा ३६ वा जिल्हा अस्तित्वात आला. या जिल्ह्याच्या उत्तर टोकास, गुजरातच्या सीमेला लागून, डहाणू व तलासरी हे दोन तालुके वसले आहेत. पश्चिमेस समुद्रकिनारा व चिकूच्या वाड्या, पूर्वेस डोंगरउतारावरील भातखाचरे आणि दूरदूर विखुरलेले पाडे, असे या भागाचे स्वरूप आहे. २०११ च्या जनगणनेनुसार तलासरी तालुक्यातील दर दहा रहिवाशांपैकी सुमारे नऊ, तर डहाणू तालुक्यातील सुमारे सात रहिवासी अनुसूचित जमातींचे आहेत. वारली, कोकणा, धोडी, दुबळा व कातकरी या येथील प्रमुख जमाती होत.

या भागातील शासकीय व अनुदानित आश्रमशाळा डहाणूच्या एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाच्या कक्षेत येतात. प्रकल्पस्तर, विभागस्तर आणि राज्यस्तर अशा चढत्या क्रमाने होणाऱ्या आश्रमशाळांच्या क्रीडास्पर्धांत कबड्डी व खो-खो यांच्या बरोबरीने व्हॉलीबॉललाही स्थान आहे. जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांमार्फत होणाऱ्या शालेय स्पर्धा याहून वेगळ्या. याखेरीज पाड्यापाड्यांतील तरुण मंडळांचे सामने होतात, त्यांची मोजदाद कोणत्याच दप्तरात नसते. दोन खांब, एक जाळी, एक चेंडू आणि १८ मीटर लांब व ९ मीटर रुंद सपाट जागा एवढ्या सामग्रीवर बारा जणांना खेळता येतो, असा हा खेळ आहे. तो ग्रामीण भागात रुजला यात नवल नाही.

तथापि स्पर्धेच्या तोंडावर संघाची तयारी ज्या पद्धतीने करून घेतली जाते, तिच्याकडे पुरेसे लक्ष दिले जात नाही. स्पर्धेचे पत्र शाळेत येते, पंधरा-वीस दिवस हाती असतात, आणि मग सकाळ-संध्याकाळ दोन्ही वेळा जोराचा सराव सुरू होतो. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात कोणाचा गुडघा दुखू लागतो, कोणाचा घोटा मुरगळतो, तर एखादी चपळ मुलगी अकारण मलूल दिसू लागते. 'मुलांना दम नाही' असा शेरा मग सहज मारला जातो. हा शेरा बहुतेक वेळा चुकीचा असतो, हे या लेखात दाखवावयाचे आहे. डोंगर चढणाऱ्या आणि चिखलात भात लावणाऱ्या मुलांना दमाची उणीव नसते. उणीव असते ती भार हळूहळू वाढविण्याची आणि तो मोजण्याची.

पावसाळ्याचा खंड

अन्यत्र हंगामपूर्व काळ म्हणजे विश्रांतीनंतरचा काळ असतो. युरोपातील व्यावसायिक संघ उन्हाळी सुटी संपवून एकत्र येतात आणि स्पर्धा सुरू होण्यापूर्वी काही आठवडे केवळ तयारी करतात. डहाणू-तलासरीत हा खंड पावसाने पाडलेला असतो. जूनच्या मध्यापासून सप्टेंबर अखेरपर्यंत उघडे मैदान जवळजवळ निकामी असते. जुलैमध्ये तर मैदानाचे खाचरच होते. बंदिस्त क्रीडागृह फार थोड्या शाळांच्या वाट्याला येते. म्हणून येथील खेळाडूचा हंगामपूर्व काळ पाऊस ओसरल्यावर सुरू होतो आणि स्पर्धेची तारीख येताच संपतो. तारखा वर्षागणिक बदलत असल्या तरी हाती सहा आठवडे लागले तर ते पुष्कळच म्हणावे लागेल.

या खंडात मुले रिकामी बसलेली नसतात, ही गोष्ट ध्यानात घेणे अगत्याचे आहे. जुलैत आवणी असते. दिवसभर गुडघाभर चिखलात, कमरेत वाकून रोपे लावली जातात. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये कापणी आणि झोडणी येते. दिवाळीच्या सुटीत आश्रमशाळेतील मुले घरी जातात ती नेमकी या कामाच्या ऐन भरात. जी मुले रोज घरून शाळेत ये-जा करतात त्यांना पाणी आणणे, लाकूडफाटा गोळा करणे व पायपीट ही कामे बारमाही आहेत. शाळा सोडलेल्या तरुणांपैकी कित्येक जण उंबरगाव-वापीच्या कारखान्यांत कामाला जातात आणि दिवाळीनंतर काही कुटुंबे वीटभट्टीवर स्थलांतर करतात. संध्याकाळी जाळीपाशी उभा राहणारा खेळाडू अशा रीतीने आधीच एक दिवस राबून आलेला असतो.

शारीरिक क्षमतेचे अनेक घटक आहेत. दीर्घकाळ काम करण्याचा दमसास, स्नायूंचे बळ, एका क्षणात बळ प्रकट करण्याची स्फोटक शक्ती, चपळता, लवचिकता हे त्यांतील मुख्य होत. शेतीकाम व पायपीट यांनी दमसास आणि चिकाटी टिकून राहते. परंतु व्हॉलीबॉलला जी गोष्ट सर्वाधिक लागते, म्हणजे पुन:पुन्हा उंच उडणे व सुरक्षितपणे खाली येणे, ती शेतात होत नाही. उलट आवणीने पाठीचा खालचा भाग व मांडीच्या मागचे स्नायू थकलेले असतात, आणि स्मॅश मारताना खेळाडू हवेत पाठ मागे ताणून घेतो तेव्हा ताण पाठीच्या त्याच भागावर येतो. शरीर कणखर आहे, पण त्या विशिष्ट कामाला सरावलेले नाही, अशी ही स्थिती असते.

येथे शूटिंग व्हॉलीबॉलचा उल्लेख करावयास हवा. ग्रामीण महाराष्ट्रात हा प्रकार लोकप्रिय आहे. त्यात दोन्ही हातांनी चेंडू जोराने परतविण्यावर भर असतो आणि उंच उड्यांचे काम बेताचे असते. त्या खेळात मुरलेला तरुण मान्यताप्राप्त स्पर्धेच्या संघात येतो तेव्हा त्याचे हात तयार असतात, गुडघे मात्र नवशिके असतात. तरबेज खेळाडू म्हणून त्याच्यावर पहिल्याच दिवशी भार टाकला जातो, हे योग्य नव्हे.

उडी आणि गुडघा

पुरुषांच्या सामन्यात जाळीची उंची २.४३ मीटर आणि महिलांच्या सामन्यात २.२४ मीटर असते. लहान वयोगटांसाठी ती कमी ठेवली जाते. उंच खेळाडू थोड्या उडीत जाळीवर हात नेतो. मध्यम उंचीच्या खेळाडूला त्याच जाळीवर पोहोचण्यासाठी दर वेळी अधिक उडावे लागते. म्हणजे सरावाचा वेळ सारखाच असला तरी कमी उंचीच्या मुलाच्या गुडघ्यांवर पडणारा भार अधिक असतो. उंचीअभावी मुलांना संघातून वगळण्याची सवयही काही ठिकाणी आहे. १९९८ मध्ये केवळ बचावासाठी असणाऱ्या 'लिबेरो' या खेळाडूचा नियमांत समावेश झाल्यापासून तिला फारसा आधार उरलेला नाही. लिबेरोला जाळीवर उडावेच लागत नाही. चपळता आणि चेंडूचा अंदाज ही त्याची भांडवले, आणि ती या मुलांजवळ भरपूर आहेत.

उडीनंतर जमिनीवर उतरताना पायांवर शरीराच्या वजनाच्या कित्येक पट जोर येतो. हा जोर मांडीचे पुढचे स्नायू आणि गुडघ्याच्या वाटीखालची कंडरा पेलतात. स्नायू काही आठवड्यांत बळकट होतात, परंतु कंडरेला बळकटी येण्यास महिने लागतात. सगळी अडचण या तफावतीत आहे. सरावाच्या तिसऱ्या आठवड्यात मुलगा पूर्वीपेक्षा उंच उडू लागतो, शिक्षक व खेळाडू दोघेही उत्साहित होतात आणि उड्या वाढवितात, त्या वेळी कंडरा मागेच राहिलेली असते. वाटीच्या खालच्या टोकाशी, जिना उतरताना वा उकिडवे बसताना होणारी वेदना हे तिचे पहिले लक्षण होय. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या नॉर्वेतील एका पाहणीत वरच्या दर्जाच्या व्हॉलीबॉलपटूंपैकी सुमारे ४५ टक्के खेळाडूंना हा विकार असल्याचे आढळले. पाहणीतील अन्य कोणत्याही खेळात हे प्रमाण इतके नव्हते. त्याच देशात तरुण खेळाडूंवर झालेल्या नंतरच्या अभ्यासातून सरावाचे तास आणि सामन्यांतील सेट जितके अधिक, तितका हा धोका अधिक, असे दिसून आले.

वाढीच्या वयात आणखी एक गोष्ट घडते. साधारण १० ते १५ वर्षांच्या मुलामुलींमध्ये गुडघ्याखाली, नडगीच्या वरच्या उंचवट्यावर, सूज येऊन दुखू लागते. हाड झपाट्याने वाढत असताना कंडरेचा ताण त्यावर पडल्याने असे होते. चौदा वर्षांखालील गटाच्या शिक्षकांनी हे ओळखावे. तेल चोळून व पट्टी बांधून त्याच मुलाला उड्या मारावयास लावणे हा उपाय नव्हे. काही आठवडे उड्या कमी करून सर्व्हिस, पास आणि सेटिंग यांचा सराव ठेवला तर बहुधा आराम पडतो. वेदना राहिल्यास डॉक्टरांना दाखवावे.

घोट्याचे दुखणे निराळे. ते अकस्मात होते आणि बहुधा जाळीखाली, प्रतिस्पर्ध्याच्या किंवा जोडीदाराच्या पायावर पाय पडून होते. नॉर्वेतच १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात उडी घेण्याचे व उतरण्याचे तंत्र शिकविले, पूर्वी घोटा मुरगळलेल्यांना तोल सांभाळण्याचे व्यायाम दिले, आणि घोटा मुरगळण्याचे प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आले. एका पायावर डोळे मिटून उभे राहण्याचा व्यायाम वर्गाच्या व्हरांड्यातही होतो. भर पावसातही तो चुकविण्याचे कारण नाही.

भार कसा मोजावा

सरावाचा भार मोजण्यासाठी मोठ्या देशांतील संघ उड्या मोजणारी यंत्रे खेळाडूच्या कमरेला बांधतात. आपल्याला वही पुरेशी आहे. अमेरिकेतील कार्ल फॉस्टर यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रूढ केलेली एक सोपी पद्धत आज जगभर वापरली जाते. सराव संपल्यानंतर अर्ध्या तासाने प्रत्येक खेळाडूला विचारावयाचे, 'आजचा सराव किती जड गेला?' उत्तर शून्य ते दहा या अंकांत द्यावयाचे. शून्य म्हणजे विश्रांती, दहा म्हणजे याहून अधिक शक्यच नव्हते. या अंकाला सरावाच्या मिनिटांनी गुणले की त्या दिवसाचा भार मिळतो. ६० मिनिटांचा सराव आणि अंक ४ असेल तर भार २४०. ९० मिनिटे आणि अंक ६ असेल तर ५४०. सराव वेळेने दीडपट झाला, पण भार सव्वादोनपट झाला, हे आकड्यांत चटकन दिसते.

अंक विचारताना एक दक्षता हवी. गुरुजींना बरे वाटावे म्हणून मुले 'काही जड नाही' असे सांगतात. सर्वांसमक्ष न विचारता एकेकाला विचारावे आणि अंकांशी मुलांच्या बोलीतील शब्द जोडून द्यावेत. लहान मुलांसाठी हसऱ्या चेहऱ्यापासून थकलेल्या चेहऱ्यापर्यंतची चित्रे भिंतीवर काढली तरी चालते. वारली चित्रकलेच्या या मुलखात ती काढणारे हात शोधावे लागणार नाहीत.

आता हाच हिशेब मैदानाबाहेर नेऊन पाहू. समजा, घरून ये-जा करणाऱ्या एका मुलीने आठवड्यात ६० मिनिटांचे तीन सराव केले आणि प्रत्येकाला ५ हा अंक दिला. तिचा मैदानावरील भार ९०० झाला. शनिवार-रविवारी तिने रोज पाच तास कापणी केली आणि त्या कामाला ४ हा अंक दिला. तिचा शेतावरील भार २,४०० झाला. ही पद्धत मुळात खेळाच्या सरावासाठी आहे, शेतीकामासाठी नव्हे, म्हणून हा आकडा ढोबळच समजावयाचा. परंतु ढोबळ असूनही तो बोलका आहे. सोमवारी सकाळी ती मुलगी मरगळलेली दिसते याचा खुलासा त्यात आहे. जो शिक्षक मैदानावरचेच तेवढे मोजतो त्याला ती आळशी वाटेल. सबब, कापणीच्या दिवसांत सोमवारचा सराव हलका ठेवावा आणि उड्यांचा सराव मंगळवारी वा बुधवारी घ्यावा. दिवाळीच्या सुटीनंतर मुले परत आल्यावर पहिला आठवडा पुन्हा सौम्य असावा. सुटीत ती विश्रांती घेत होती असे गृहीत धरणे चुकीचे होय.

भार आठवड्याला किती वाढवावा याविषयी तज्ज्ञांत एकमत नाही. दर आठवड्यास दहा टक्क्यांहून अधिक वाढ नको, असा जुना संकेत आहे. तो अनुभवाचा आहे, सिद्धान्त नव्हे. २०१६ मध्ये ऑस्ट्रेलियातील टिम गॅबेट यांनी चालू आठवड्याचा भार आणि मागील चार आठवड्यांची सरासरी यांचे गुणोत्तर मांडले. ते ०.८ ते १.३ च्या दरम्यान असावे, असे त्यांचे प्रतिपादन होते. पुढे या गुणोत्तराच्या गणिती पायावरच गंभीर आक्षेप घेतले गेले. या वादात ग्रामीण शिक्षकाने पडण्याचे कारण नाही. दोन्ही बाजूंना मान्य असलेली गोष्ट त्याच्या उपयोगाची आहे : जे शरीर महिनाभर एखादे काम करीत नव्हते, त्याच्याकडून ते एकाच आठवड्यात भरपूर करून घेऊ नये.

सहा आठवडे हाती असतील तर पहिले दोन आठवडे एक दिवसाआड ४५ ते ६० मिनिटांचा सराव पुरे. त्यात बैठका, दोरीवरच्या हलक्या उड्या, गुडघे वाकवून आवाज न करता उतरण्याचा सराव आणि चेंडू हाताळणे असावे. सपाट पावलांचा धप्प असा आवाज आला की उतरणे चुकले, ही कसोटी मुलांना लगेच कळते. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात जाळीवरचे स्मॅश व ब्लॉक सुरू करावेत, मात्र प्रत्येकाच्या उड्या मोजून. राखीव खेळाडूने बाजूला बसून खडूने रेघा ओढल्या तरी मोजदाद होते. पाचवा आठवडा सर्वांत जड, त्यात सरावाचे सामने. सहाव्या आठवड्यात वेळ सुमारे निम्म्यावर आणावा, पण खेळाचा वेग कमी करू नये. स्पर्धेच्या आदल्या दिवसापर्यंत जोर लावण्याची प्रथा सोडणे शिक्षकांना सर्वांत कठीण जाते, कारण विश्रांती म्हणजे हलगर्जी असा समज आपल्याकडे फार खोल आहे.

प्रगती पाहण्यासाठी भिंत व खडू एवढेच साहित्य लागते. भिंतीशी उभे राहून हात उंच करून एक खूण करावी, जागेवरून उडी घेऊन दुसरी खूण करावी. दोन खुणांतील अंतर म्हणजे उडी. दर सोमवारी, अंग गरम करून, ती घ्यावी. एखाद्याची उडी सलग दोन आठवडे घटत असेल तर त्याला अधिक सरावाची नव्हे, विश्रांतीची गरज आहे.

रक्ताची तपासणी प्रथम

या भागात हंगामपूर्व सरावाशी एक विषय निगडित आहे, आणि त्यात जिवाचा प्रश्न असल्याने त्याचा विस्ताराने विचार करणे आवश्यक आहे. तो विषय सिकलसेलचा. या आनुवंशिक दोषात तांबड्या रक्तपेशी विशिष्ट परिस्थितीत विळ्याच्या आकाराच्या होतात. दोष आई व वडील दोघांकडून आल्यास व्यक्ती रुग्ण असते, एकाकडून आल्यास ती वाहक असते. भारतात १९५२ मध्ये निलगिरीतील आदिवासींमध्ये हा दोष प्रथम नोंदला गेला. पालघर जिल्ह्यातील जमातींमध्येही तो आढळतो. १ जुलै २०२३ रोजी केंद्र शासनाने सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान सुरू केले असून त्याखाली आदिवासी भागांत तपासणी होते.

वाहक व्यक्ती एरवी निरोगी असते आणि तिने खेळावे यास काहीही हरकत नाही. परंतु अतिश्रम, उष्णता आणि शरीरातील पाण्याची कमतरता या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या तर वाहकाच्याही रक्तपेशी आकार बदलून स्नायूंचा रक्तपुरवठा अडवू शकतात. अमेरिकेत २००६ मध्ये राइस विद्यापीठाचा १९ वर्षांचा एक फुटबॉल खेळाडू धावण्याच्या सरावानंतर कोसळून दगावला. तो वाहक होता आणि ते कोणास ठाऊक नव्हते. त्यानंतर २०१० पासून तेथील विद्यापीठीय क्रीडासंघटनेने आपल्या पहिल्या श्रेणीतील खेळाडूंची या दोषासाठी तपासणी आवश्यक केली. अशा दुर्घटना प्रामुख्याने हंगामपूर्व काळात, कठोर सरावाच्या पहिल्या काही दिवसांत घडतात, ही बाब येथील शिक्षकांनी विशेष ध्यानात घ्यावी. शिक्षा म्हणून मैदानाला दहा फेऱ्या मारावयास लावणे किती अविचाराचे आहे, हे यावरून कळावे.

असा खेळाडू कोसळण्यापूर्वी बहुधा बोलू शकतो. पाय गळाले, मांड्या दुखतात, श्वास पुरत नाही, असे तो सांगतो. पेटका आला असे समजून त्याला उठवून धावावयास लावू नये. सराव तत्काळ थांबवावा, त्याला सावलीत न्यावे, शुद्धीवर असल्यास पाणी द्यावे आणि थोड्या वेळात उतार न पडल्यास विनाविलंब रुग्णालयात हलवावे. ज्यांना प्रत्यक्ष सिकलसेलचा आजार आहे, त्यांच्या सहभागाविषयी वैद्यकीय अधिकाऱ्यांचा सल्ला घेतल्याखेरीज निर्णय करू नये. प्रत्येक खेळाडूची तपासणी झाली आहे किंवा नाही, हे संघनिवडीपूर्वी प्राथमिक आरोग्य केंद्राकडून निश्चित करून घेणे मुख्याध्यापकांना सहज शक्य आहे. ही माहिती गोपनीय ठेवावी. वाहक म्हणून मुलीच्या नावाला बट्टा लागणार असेल तर पालक तपासणीलाच नकार देतील.

रक्तक्षयाची कथा याहून साधी आणि अधिक व्यापक आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील निम्म्याहून अधिक स्त्रिया रक्तक्षयग्रस्त आढळल्या. रक्तात प्राणवायू वाहून नेणारे द्रव्यच कमी असेल तर कितीही उत्तम सराव देऊन दमसास वाढणार नाही. शाळांतून दर आठवड्याला मिळणारी लोहाची गोळी मुलींनी खरोखर गिळली आहे की नाही, हे पाहणे हा क्रीडाशिक्षकाच्या कामाचाच भाग समजावा. जेवणाला लागून चहा घेतल्यास अन्नातील लोह अंगी लागण्यास अडथळा येतो, हेही मुलींना सांगावे. पहाटे उपाशीपोटी सराव घेण्याची पद्धत मात्र बंद व्हावी. सरावापूर्वी भाकरीचा तुकडा, केळे किंवा नाचणीची आंबील, हंगामात घोलवडचा चिकू, एवढे पोटात असावे. ऑक्टोबरच्या दमट उकाड्याला शरीर सरावण्यास दहा ते चौदा दिवस लागतात. त्या काळात सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर सराव ठेवावा आणि दर पंधरा-वीस मिनिटांनी सर्वांना पाणी प्यावयास लावावे. तहान लागण्याची वाट पाहू नये.

जपानच्या गिरणी कामगार मुली

कठोर सरावाचे समर्थन करताना एक उदाहरण नेहमी दिले जाते. १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये व्हॉलीबॉलचा प्रथमच समावेश झाला आणि जपानच्या महिला संघाने सोव्हिएत संघाचा सरळ सेटमध्ये पराभव करून सुवर्णपदक मिळविले. त्या संघातील बहुतेक मुली ओसाकाजवळील काइझुका येथील एका कापडगिरणीच्या नोकर होत्या. दुपारपर्यंत काम करून त्या मध्यरात्रीपर्यंत सराव करीत. त्यांचे प्रशिक्षक हिरोबुमी दाइमात्सू यांची शिस्त जगभर गाजली. काम करून खेळणाऱ्यांनी ऑलिंपिक जिंकले, ही गोष्ट उंबरगावच्या पाळीवरून येऊन संध्याकाळी जाळी बांधणाऱ्या तरुणांना निश्चितच जवळची वाटेल.

परंतु ती सांगताना एक बाब गाळली जाते. हा भार एका महिन्यात उभा राहिला नव्हता. त्याच प्रशिक्षकाखाली हा संघ वर्षानुवर्षे खेळत होता आणि १९६२ मध्ये तो जगज्जेता झालेलाच होता. शिवाय त्या प्रौढ खेळाडू होत्या, तेरा-चौदा वर्षांची मुले नव्हत. आपल्या देशानेही १९६२ च्या जाकार्ता आशियाई स्पर्धेत या खेळात रौप्यपदक आणि १९८६ च्या सोल स्पर्धेत कांस्यपदक मिळविले आहे. अशी पदके पंधरा दिवसांच्या तयारीतून येत नाहीत.

मैदान आणि ग्रामपंचायत

शेवटी पंचायत सदस्यांच्या अखत्यारीतील एक मुद्दा. गुडघ्यांवरील भार जसा उड्यांवर, तसा जमिनीवरही अवलंबून असतो. पावसानंतर मैदान वाळते तेव्हा त्यावर खुरांचे खळगे आणि वर आलेले दगड तसेच कडक होतात. अशा जमिनीवर उतरताना घोटा वळला नाही तरच आश्चर्य. सिमेंटचा ओटा दिसावयास नेटका असला तरी उड्यांच्या खेळाला तो सर्वांत वाईट. मैदानाच्या १८ बाय ९ मीटर क्षेत्राबाहेर सर्व बाजूंनी किमान ३ मीटर मोकळी जागा लागते, म्हणजे एकूण २४ बाय १५ मीटर जागा सपाट हवी. माती मुरूम पसरून, पाणी मारून, रोलर फिरविला की मैदान तयार होते. हे काम गावच्या विकास आराखड्यात घेता येते. वर्षाआड दुरुस्तीची तरतूद मात्र त्याच वेळी करून ठेवावी, कारण येथला पाऊस मुरूम जागेवर राहू देत नाही.

कामाची वेळ साधणे महत्त्वाचे आहे. सप्टेंबरच्या अखेरीस, जमिनीत ओल असतानाच, खळगे भरून रोलर फिरवावा. ऑक्टोबरच्या उन्हात माती दगडासारखी झाल्यावर तो फिरवून उपयोग होत नाही. मुलांचे सहा आठवडे त्या दिवसापासून मोजावयाचे आहेत.